सहायक साधने आणि थेरपी: नव्या वर्षाची ध्येये तुम्ही कशी ठरवता?

पाणकणीस

नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतील दोषामुळे तिचा हालचालींवर पुरेसा ताबा नाही. ती व्हीलचेअर वापरते आणि बोलण्यासाठी टॅबलेटवरचे चित्रांचे ॲप वापरते; बटण दाबले की टॅबलेट तो शब्द उच्चारतो. दर वर्षाच्या अखेरीस तिच्या थेरपिस्ट मंडळींबरोबर आमची बैठक होते आणि पुढील वर्षाची ध्येये कागदावर उतरतात. गेल्या वर्षीचा कागद मी काल शोधून काढला. त्यावर अकरा ध्येये होती. तीन पूर्ण झाली, चार अर्धवट राहिली आणि उरलेली चार आपण कधी ठरवली होती हेच मला आठवेना.

यंदाचा माझा कच्चा मसुदा असा आहे: ती रोज किमान ५० वेळा टॅबलेट वापरेल, ती ८० टक्के अचूकतेने वस्तू मागेल, ती रोज एक तास स्टँडिंग फ्रेममध्ये (आधार देऊन उभे ठेवणाऱ्या चौकटीत) उभी राहील, ती आधाराशिवाय चमच्याने जेवेल. यातले एकही चुकीचे नाही. तरीही पुन्हा वाचताना हा कागद माझ्या मुलीविषयी आहे की तिच्या सामानाविषयी, असा प्रश्न मला पडला. तुमच्या घरी ही ध्येये कोण ठरवते, किती ठरवता आणि वर्षभर ती लक्षात कशी राहतात, हे कृपया लिहावे.

शिलेदार

आमच्या सासऱ्यांचे मागील वर्षाचे ध्येय 'श्रवणयंत्र नियमित वापरणे' असे होते. यंत्राने आपली बाजू चोख सांभाळली. ते वर्षभर खणात बसून नियमितपणे शांतता ऐकत होते.

दीर्घिका

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामे करता यावीत यासाठी थेरपी देते, त्यामुळे कागदाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते. आकड्यांना सरसकट नावे ठेवू नयेत, कारण आकडा नसला की वर्षअखेरीस 'बरीच सुधारणा आहे' हे एकच वाक्य उरते आणि त्या वाक्याने कोणाचेही भले होत नाही. अडचण आकड्यात नाही, आकडा कशाचा घेतला यात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या आयसीएफ या आरोग्य आणि कार्यक्षमतेच्या वर्गीकरणात शरीराची कार्ये, कृती आणि सहभाग असे वेगवेगळे स्तर मानले आहेत. तुमचा मसुदा त्यावर ठेवून पाहा. उभे राहणे हे शरीराच्या स्तरावरचे आहे, खुब्याच्या सांध्यासाठी आणि हाडांसाठी ते आवश्यक आहे, ते काढू नका. चमच्याने जेवणे ही कृती झाली. सहभागाच्या रकान्यात मात्र काहीच पडत नाही: ती कोणाबरोबर खेळेल, कोणाला काय सांगेल, कुठे जाईल, याविषयी चारही ध्येये गप्प आहेत. तुम्हाला जे खटकले ते बहुधा हेच असावे.

मोजण्यासाठी मी 'गोल अटेनमेंट स्केलिंग' वापरते. किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ मध्ये ती मानसिक आरोग्य सेवांसाठी मांडली होती, नंतर पुनर्वसनात रुळली. प्रत्येक ध्येयाला उणे दोन ते अधिक दोन अशा पाच पायऱ्या असतात आणि शून्य म्हणजे अपेक्षित निकाल. उदाहरणार्थ: स्वतःहून संभाषण सुरू करत नाही, हे उणे दोन, आठवड्यातून एकदा करते, उणे एक, आठवड्यातून तीनदा, शून्य, रोज, अधिक एक, रोज आणि घराबाहेरच्या माणसाशीही, अधिक दोन. यामुळे ध्येय 'झाले' किंवा 'फसले' या दोनच खोक्यांत बसवावे लागत नाही, आणि तुमच्या त्या चार अर्धवट ध्येयांनाही नीट जागा मिळते.

उंबरठा

८० टक्क्यांवर माझा जुना राग आहे. माझ्या मुलाच्या कागदावर 'पाच पैकी चार वेळा पाणी मागेल' असे होते. पाचव्या वेळी त्याला तहान नसावी, अशी शक्यता कोणी विचारात घेतली नव्हती. पाच वेळा मागून घेण्यासाठी ग्लास पाच वेळा त्याच्या समोरून हलवला जाई आणि चौथ्या वेळेपर्यंत तो ओरडू लागे. मग वर्तनासाठी वेगळे ध्येय लिहिले गेले.

चष्मिष्ट

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये अग्रक्रमाच्या ५० सहायक साधनांची यादी प्रसिद्ध केली. व्हीलचेअर, श्रवणयंत्र, पांढरी काठी, संवादफलक यांच्याबरोबर त्या यादीत चष्माही आहे. म्हणजे मी गेली तीस वर्षे सहायक तंत्रज्ञान वापरतो आहे आणि आजवर कोणीही माझ्यासाठी 'दिवसातून आठ तास चष्मा लावेल' असे ध्येय लिहिलेले नाही. मला वाचायचे असते म्हणून मी तो लावतो. पाणकणीसताई, टॅबलेटच्या ५० वेळांऐवजी ती त्या टॅबलेटवरून काय करणार, हे लिहून पाहा.

कर्णिका

चष्मिष्ट यांचा दाखला छान आहे, पण तो अर्ध्या वाटेपर्यंतच चालतो. चष्मा बहुतेकांना लावल्याक्षणी फळतो. श्रवणयंत्राचे तसे नाही. बरीच वर्षे न ऐकलेले आवाज अचानक कानावर आदळू लागतात, आपल्याच पावलांचा आणि भांड्यांचा आवाज नकोसा होतो, आणि मेंदूला त्या गोंगाटातून बोलणे वेगळे काढण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात. त्या काळात 'रोज अमुक तास वापर' हे ध्येय योग्यच असते. आजकालची बरीच श्रवणयंत्रे वापराचे तास स्वतः नोंदवून ठेवतात, त्यामुळे ऑडिओलॉजिस्टला खणाची हकीकतही कळते. (शिलेदार, सासऱ्यांना सांगा.)

परंतु तास हे साधन बसवण्यापुरते ध्येय आहे, वर्षाचे नव्हे. माझ्या आईने शेवटी जे लिहिले ते असे होते: 'नातवाचा फोन स्पीकरवर न टाकता ऐकणे.' त्यासाठी फोन श्रवणयंत्राला ब्लूटूथने जोडावा लागला, सेटिंग दोनदा बदलून घ्यावे लागले आणि कानातला साचा (यंत्राचा कानात बसणारा भाग) नवा करावा लागला. साचा टोचत होता, म्हणून यंत्र खणात जात होते. हे आम्हाला तोवर कळलेच नव्हते.

शिलेदार

साच्याचा मुद्दा आम्ही कधी तपासला नाही. विनोद मागे घेतो आणि उद्या विचारतो.

सावकाश

मी स्वतः यंत्रातून बोलतो. स्क्रीनवर एकेक रांग उजळत जाते, हवी ती रांग आली की मी डोक्याजवळचा स्विच दाबतो, मग त्या रांगेतले अक्षर निवडतो. बोलणारी माणसे मिनिटाला शंभराहून अधिक शब्द सहज बोलतात. माझे दहाही होत नाहीत. त्यामुळे हा प्रतिसाद सकाळी सुरू केला होता.

लहानपणी माझ्या कागदांवर 'मागेल', 'धन्यवाद म्हणेल', 'प्रश्नाचे उत्तर देईल' असे असे. 'नको म्हणेल' हे एकाही वर्षी नव्हते. तक्रार करेल, थट्टा करेल, विषय बदलेल, खोटे बोलून पाहील, हेही नव्हते. पहिल्या पानावर वस्तूंची बरीच चित्रे होती आणि 'थांब' तिसऱ्या पानावर होते. तिसऱ्या पानापर्यंत पोचेपर्यंत समोरच्याने जे करायचे ते करून टाकलेले असे. मराठीत 'नको' आणि 'नाही' हे दोन वेगळे शब्द आहेत आणि दोन्ही पहिल्या पानावर हवेत. 'हे खरे नाही' आणि 'मला हे नको' यांतला फरक न सांगता येणाऱ्या माणसाला लोक फार लवकर हट्टी ठरवतात.

दुसरे म्हणजे, हात धरून माझे बोट बटणावर टेकवले जाई आणि वहीत 'साहाय्याने वाक्य बोलला' अशी नोंद होई. ते वाक्य कोणाचे होते?

तुमच्या मसुद्यात चारही वाक्यांचा कर्ता 'ती' आहे. एका वाक्याचा कर्ता 'आम्ही' करा. 'आम्ही प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजू आणि तोवर बोलणार नाही.' माझ्या बोलण्यात सर्वांत मोठी सुधारणा ज्या वर्षी झाली, त्या वर्षी यंत्र जुनेच होते. घरातली माणसे थांबायला शिकली होती.

उंबरठा

सावकाश, हा प्रतिसाद मी उतरवून फ्रीजवर लावत आहे. आमच्या घरी तो मी सोडून सर्वांना पाठ असला तरी उपयोग नाही, कारण मध्येच बोलणारा मीच आहे.

दीर्घिका

'कर्ता बदला' हे माझ्या पेशातल्या लोकांनीही ऐकण्यासारखे आहे. भर एवढीच घालते की मोठ्यांनी फक्त थांबू नये, ते यंत्र स्वतः वापरावेही. आपण बोलताना त्यातले एक-दोन शब्द मुलांच्या यंत्रावर दाबून दाखवायचे आणि त्यांनी तसेच करावे असा आग्रह धरायचा नाही. याला मॉडेलिंग म्हणतात. बोलकी मुले पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी वर्षभर भाषा ऐकत असतात. यंत्रावर बोलणाऱ्या मुलांच्या भोवती यंत्राची भाषा बोलणारे मात्र बहुधा कोणीच नसते, आणि पहिल्याच महिन्यात आपण त्यांची परीक्षा घ्यायला बसतो.

जॅनिस लाइट यांनी १९८९ मध्ये यंत्राच्या आधारे संवाद साधणाऱ्यांसाठी चार प्रकारच्या क्षमता मांडल्या: भाषा येणे, साधन चालवता येणे, माणसांशी वागता येणे आणि अडचण आली तर मार्ग काढता येणे. बहुतेक कागद दुसऱ्या क्षमतेवर अडकतात, कारण ती मोजायला सोपी असते. चौथी तर जवळजवळ कधीच दिसत नाही. टॅबलेटची बॅटरी संपल्यावर ती काय करते, पाणकणीसताई?

पाणकणीस

रडते. मग आम्ही चार्जर शोधतो. हे लिहिताना मलाच लाज वाटली.

दीर्घिका

लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. ॲपच्या मुख्य पानाचे छायाचित्र छापून लॅमिनेट करा आणि व्हीलचेअरला बांधून ठेवा. बटणांची जागा तीच राहिल्याने तिला नव्याने काही शिकावे लागणार नाही.

रानवाट

मणक्याच्या दुखापतीनंतर चौदा वर्षे मी व्हीलचेअरवर आहे. पहिली तीन वर्षे माझे जानेवारीतले ध्येय 'कॅलिपर लावून पॅरलल बारमध्ये दहा फेऱ्या' असे होते, म्हणजे पायांना आधाराच्या पट्ट्या बांधून दोन समांतर दांड्यांना धरून चालणे. ते मी दोनदा पूर्ण केले. फेऱ्या संपल्या की मी इतका थकलेला असे की संध्याकाळी कुठेही जात नसे. म्हणजे चालण्याच्या पायी माझे बाहेर पडणेच बंद झाले होते. चौथ्या वर्षी फिजिओने विचारले की, 'संध्याकाळी सातला तुला कुठे असायला आवडेल?' त्या प्रश्नानंतर माझा कागद बदलला.

आता माझी बहुतेक ध्येये देखभालीची असतात आणि ती लिहिण्यात मला कमीपणा वाटत नाही. दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून बैठकीवरचा भार हलवणे, रोज आरशाने त्वचा पाहणे, महिन्यातून एकदा टायरची हवा, ब्रेक आणि पुढच्या छोट्या चाकांत अडकलेले केस तपासणे, आणि चाके ढकलताना छोट्या झटक्यांऐवजी लांब, सावकाश हात मारणे, कारण माझे खांदे आता पायांचेही काम करतात. सतत बसून त्वचेवर दाब पडल्याने होणारी बैठकीची एक जखम पूर्ण वर्ष खाऊन टाकते. मला एकदा तिच्यामुळे अडीच महिने पालथे झोपून काढावे लागले. चेअरवरच्या उशीतून निघून गेलेली हवा त्या वेळी पाच मिनिटांत भरता आली असती.

नऊ वर्षांच्या मुलीसाठी एक गोष्ट सुचवतो: तिच्या चेअरची मापे वर्षातून दोनदा घ्या. मुले वाढतात आणि चेअर वाढत नाही. पाय टेकेनासे झाले, बैठक अपुरी पडली की धड सरकते, धड सरकले की हात टॅबलेटवर नीट पडत नाही, आणि मग 'टॅबलेटवरील अचूकता घटली' अशी नोंद स्पीच थेरपीच्या वहीत होते.

तळ्याकाठी

इथे सर्वजण पुढे जाण्याविषयी लिहीत आहेत, म्हणून संकोचाने लिहिते. माझ्या यजमानांना मोटर न्यूरॉनचा आजार आहे; त्यात स्नायूंवरचा ताबा हळूहळू जात राहतो. आमच्या कागदावर 'प्रगती' नावाचा रकाना होता आणि दर तीन महिन्यांनी तो वाचणे मला असह्य होई. शेवटी आम्ही तो रकाना खोडून तिथे 'तयारी' असे लिहिले.

पहिली तयारी आवाजाची होती. बोलणे स्पष्ट असताना वाक्ये ध्वनिमुद्रित करून ठेवली, तर पुढे यंत्र त्यांच्यासारख्या आवाजात बोलू शकते. हे उशिरा करून चालत नाही, आणि लवकर करताना घरातल्या सर्वांना ते अशुभ वाटते. आम्ही ते हसत-रडत पूर्ण केले. दुसरी तयारी अशी की बोटांनी टाइप करता येत होते तेव्हाच आठवड्यातून दोनदा नजरेने चालणाऱ्या कीबोर्डचा सराव सुरू केला. स्टीफन हॉकिंग यांनाही हाताने बटण दाबणे अशक्य झाल्यावर गालाच्या हालचालीवर चालणाऱ्या स्विचकडे वळावे लागले होते. एक मार्ग बंद होण्याआधी दुसरा सवयीचा असला, तर मध्ये मुकेपणाचे आठवडे येत नाहीत. आमच्या यंदाच्या कागदावर दोनच ओळी आहेत आणि दोन्ही यजमानांनी नजरेने लिहिलेल्या आहेत.

सावकाश

तळ्याकाठी, तुमच्या यजमानांना सांगा की नजरेने लिहिताना डोळे कोरडे पडतात. मध्ये मध्ये मुद्दाम मिटावेत. मी काही काळ ते यंत्र वापरले आहे.

ठोकताळा

थोडा विरोधी सूर लावतो. 'आनंद', 'सहभाग', 'तिला काय हवे' हे सर्व मान्य आहे, परंतु याच शब्दांच्या आडून अपेक्षा कमी केल्या जातात हेही मी पाहिले आहे. मी जन्मांध आहे. शाळेत मला स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीनरीडरचा आवाज आवडे आणि ब्रेल कंटाळवाणी वाटे. माझ्या आवडीप्रमाणे ध्येय ठरले असते तर मी ब्रेल सोडली असती. एका शिक्षिकेने हट्टाने 'मिनिटाला अमुक शब्द' असा आकडा लिहिला आणि घड्याळ लावून माझ्याकडून तो पूर्ण करून घेतला. आज शुद्धलेखन, गणिताची मांडणी आणि सभेत स्वतःच्या टिपणावरून बोलणे यांसाठी मी ब्रेलवरच विसंबतो. कानाने ऐकलेल्या वाक्यात ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाहीत. तेव्हा कंटाळवाण्या, आकडेबद्ध, शिक्षकाने लादलेल्या ध्येयांनाही कागदावर एक ओळ असू द्या.

रानवाट

मान्य आहे. फक्त ती ओळ कशासाठी आहे हे त्या मुलाला सांगितले जावे. मला बारमधल्या फेऱ्या कशासाठी, हे कोणी सांगितले नव्हते.

ठोकताळा

मलाही सांगितले नव्हते. मी नशीबवान ठरलो, एवढेच.

गणितमास्तर

उपयोगी पडेल म्हणून एक जुना अभ्यास नोंदवतो. फिलिप्स आणि झाओ यांनी १९९३ मध्ये सहायक साधने वापरणाऱ्या २२७ प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात २९.३ टक्के साधने पूर्णपणे टाकून दिलेली आढळली. टाकण्याशी जोडलेल्या चार गोष्टींपैकी पहिली, साधन निवडताना वापरणाऱ्याचे मत विचारात न घेणे, ही होती. उरलेल्या तीन म्हणजे साधन फारच सहज मिळणे, ते नीट न चालणे आणि गरजा बदलणे. सर्वाधिक साधने पहिल्या वर्षात आणि पाच वर्षांनंतर टाकली गेली. त्यामुळे ज्यांच्या घरी साधन नवे आहे आणि ज्यांचे जुने झाले आहे, त्या दोघांनीही कागदावर 'हे साधन अजून योग्य आहे का?' असा प्रश्न तारखेसह लिहावा. साधन बदलणे किंवा परत करणे हाही ध्येयाचा योग्य निकाल असू शकतो.

कर्णिका

तारखेवरून आठवले. वर्ष हा फार लांब पल्ला आहे. आम्ही वर्षाची फक्त दिशा ठरवतो आणि प्रत्यक्ष ध्येय बारा आठवड्यांचे ठेवतो. डिसेंबरमध्ये कागद सापडत नाही, याचे कारण तो मार्चमध्ये कोणी मागितलेला नसतो.

पाणकणीस

सर्वांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद वाचून मी मसुदा बाजूला ठेवला आणि रविवारी मुलीलाच विचारले. शब्दांनी विचारले तर ती मला आवडेल असे उत्तर देते, म्हणून चित्रांची बारा कार्डे केली आणि चटईवर 'आवडते', 'ठीक' आणि 'नको' असे तीन भाग केले. तिने डोळ्यांनी आणि मुठीने दाखवायचे, मी कार्ड ठेवायचे आणि शेवटी सर्व मांडणी बरोबर आहे ना हे पुन्हा विचारायचे. मध्ये दोनदा माझी जीभ वळवळली. दहापर्यंत मोजणे वाटते तितके सोपे नाही.

चमच्याचे कार्ड 'नको'मध्ये गेले. मी भरवते तेव्हाच आमच्या गप्पा होतात, हे मला नंतर उमगले. स्टँडिंग फ्रेम 'ठीक'मध्ये गेली. भावाचे कार्ड 'आवडते'मध्ये गेले, पण पुन्हा विचारल्यावर तिने ते 'नको'मध्ये हलवायला लावले आणि मग परत 'आवडते'मध्ये. बऱ्याच हो-नाहीच्या प्रश्नांनंतर उलगडा झाला तो असा, की भाऊ तिच्या खोड्या काढतो आणि बाबा घरी आल्यावर स्वतःची बाजू आधी सांगून मोकळा होतो. तिला चहाडी करायची आहे.

त्यामुळे बैठकीत नेण्याचा कागद आता असा आहे. तिचे ध्येय: दिवसभरात भावाने काय केले ते संध्याकाळी बाबांना स्वतःहून सांगणे, मार्चअखेरपर्यंत आठवड्यातून तीनदा, हे शून्य. आमचे ध्येय: जेवताना तिघांनीही तिच्या टॅबलेटवर बोलणे आणि तिच्या वेळी थांबणे. फ्रेमचा तास कायम राहील. ती तिथे कशासाठी उभी राहते हे फिजिओ तिला चित्र काढून समजावणार आहेत. चेअरची मापे जानेवारीत आणि जुलैत घेऊ. लॅमिनेट केलेले पान आज बांधले.

उंबरठा

चहाडीसाठी शब्दसंग्रह तपासून घ्या. आमच्या ॲपमध्ये सफरचंदाला जागा होती, पण 'त्याने', 'मारले', 'ओढले' आणि 'खोटं' यांतला एकही शब्द नव्हता.

पाणकणीस

'त्याने' आणि 'खोटं' आमच्याकडेही नाहीत. आज घालते.

सावकाश

घालण्यापूर्वी जागा नीट ठरवा. हात शब्द वाचत नाही, जागा लक्षात ठेवतो. नंतर बटण हलवले तर तिला सर्व पुन्हा शिकावे लागेल. आणि 'खोटं' तिसऱ्या पानावर ठेवू नका.

पाणकणीस

पहिले पान, तिसरी ओळ, डावीकडून दुसरे बटण, 'नको'च्या शेजारी. लॅमिनेट केलेले पान उद्या पुन्हा छापून आणते.